भाडेकरू, आग आणि विमा : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

माझ्या एका खालांचे मिरजेला दोन मजली घर आहे. खालूजान गेल्यानंतर त्यांनी वरच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने दिल्या. मुले साधी होती, भाडे वेळेवर येत होते. एका सकाळी वरच्या खोलीत पाणी तापवायच्या रॉडच्या वायरने पेट घेतला. अल्लाहच्या कृपेने कुणाला काही झाले नाही. पण वरची खोली, दारे, कपाट, मुलांची पुस्तके आणि खालच्या दिवाणखान्याचे छत, एवढे सगळे गेले.

घरावर कर्ज होते, म्हणून बँकेने विमा काढायला लावला होता. कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘वर कोण राहतं?’’ फॉर्मवर एजंटने लिहिले होते, ‘फक्त कुटुंबाच्या वापरासाठी’. दोन महिन्यांनी क्लेम नामंजूर झाल्याचे पत्र आले. खालांनी दोन बांगड्या मोडून दुरुस्ती करून घेतली.

त्यानंतर घरात दोन मते ऐकू येऊ लागली. थोरल्या मामूंचे म्हणणे, ‘‘बरं झालं, विम्याचा पैसा हरामच होता.’’ धाकट्यांचे म्हणणे, ‘‘भाडेकरू ठेवला की विमा मिळतच नाही, उगाच हप्ते भरले.’’ मला दोन्ही मते अर्धवट वाटली. म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडा खोदून पाहिला. घर एकाचे, राहणारा दुसरा, आणि नुकसान झाले तर भरायचे कुणी? हा प्रश्न विमा कंपन्यांपेक्षा फार जुना आहे. आपल्या फुकहांनी त्यावर लिहिले आहे, लंडनच्या न्यायाधीशांनी लिहिले आहे, इंग्रजांच्या काळातल्या कायद्यात तो आहे आणि दंगलीत जळलेल्या आपल्या मोहल्ल्यांतही तो आहे.

भाडेकरूच्या हातातली अमानत

इस्लामी फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहाराला ‘इजारा’ म्हणतात. त्यातला मूळ नियम असा की भाड्याने घेतलेली वस्तू भाडेकरूच्या हातात अमानत असते. ती त्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा ठरल्यापेक्षा वेगळ्या वापरामुळे बिघडली, तर भरपाई त्याच्यावर. त्याची चूक नसताना, वीज पडून किंवा पूर येऊन ती गेली, तर नुकसान मालकाचे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सल्तनतीने हनफी फिकह कलमवार लिहून काढले. ‘मजल्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संहितेतही हाच नियम आहे.

नियम न्यायाचा आहे, पण त्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा. बहुतेक आगी, पूर, भूकंप यांत भाडेकरूची चूक नसते किंवा सिद्ध होत नाही. म्हणजे शरियतच्या हिशेबाने खोल्या भाड्याने देणारी विधवा बाई त्या नुकसानाची एकटी धनी होते. मग तिच्या मदतीला कोण?

याचे उत्तर सुरुवातीच्या समाजाने ‘आकिला’ या व्यवस्थेत शोधले होते. एखाद्याच्या हातून चुकून खून झाला तर त्याची दियत, म्हणजे भरपाई, तो एकटा भरत नसे. त्याचे सगळे कबिले मिळून भरत. इ.स. 622 मध्ये मदिनेत जो करार झाला, त्यात प्रत्येक टोळीने आपापल्या दियतीचा भार एकत्रितपणे उचलावा असे कलम आहे. घराच्या आगीशी याचा थेट संबंध नाही. तरी एकाच्या डोक्यावर कोसळणारे ओझे अनेकांनी थोडे थोडे वाटून घ्यावे, ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. पुढे विसाव्या शतकात ‘तकाफुल’ची मांडणी करणाऱ्या विद्वानांनी याच आकिलाचा दाखला दिला.

लंडन, 1666

आगीच्या विम्याचा जन्म मात्र युरोपात झाला. सप्टेंबर 1666 मध्ये लंडनच्या पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत सुमारे 13,200 घरे व 87 चर्च जळाली. लंडनमधले बरेच लोक भाड्याच्या घरात राहत होते. करारानुसार घर नीट ठेवण्याची आणि भाडे देत राहण्याची जबाबदारी अनेकदा भाडेकरूवर होती. घर राखेत गेले, तरी कागदावर भाडे चालूच! मालक म्हणे भाडे दे आणि घर बांधून दे. भाडेकरू म्हणे माझे तर सगळेच गेले.

हे भांडण सोडवण्यासाठी इंग्लंडच्या संसदेने खास कायदा करून ‘फायर कोर्ट’ नेमले. 1667 पासून तिथे न्यायाधीश एकेक प्रकरण ऐकत आणि कुणाला किती झेपेल ते पाहून ठरवत. जो पुन्हा बांधायला तयार असेल त्याला भाड्यात सूट किंवा कराराची मुदत वाढवून मिळे. ओझे वाटून घेण्याचीच ही एक रीत होती, फक्त आग लागून गेल्यानंतरची.

आग लागण्याआधीच ओझे वाटण्याची सोय 1680 च्या सुमारास निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने काढली. त्याच्या फायर ऑफिसचा दर घराच्या वार्षिक भाड्यावर ठरे. विटांच्या घराला भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के. अडीच टक्के म्हटले की आपल्याला जकात आठवते. तो निव्वळ योगायोग आहे. पण घराचा विमा पहिल्यापासून भाड्याच्या हिशेबाशी जोडलेला होता, हे यातून दिसते. 1696 मध्ये लंडनमध्येच एक परस्पर साहाय्याची संस्था निघाली. तिच्यात विमा घेणारेच संस्थेचे मालक होते. नफ्यासाठी चालणारी कंपनी आणि सभासदांची परस्पर संस्था, ही दोन रूपे तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत. आपल्या उलेमांचा पुढचा सगळा वाद या दोन रूपांतल्या फरकावरच फिरतो.

विमा आणि जुगार यांतली सीमारेषा इंग्रजांनाही सुरुवातीला सापडत नव्हती. अठराव्या शतकात लोक परक्या माणसांच्या आयुष्यावर विमे काढून पैजा लावत. शेवटी 1774 मध्ये संसदेने कायदा केला की ज्याच्या जगण्यात तुमचा खरा हितसंबंध नाही, त्याचा विमा तुम्हाला काढता येणार नाही. हेच तत्त्व मालमत्तेलाही लागू झाले. घराच्या मालकाला घरात हितसंबंध आहे, भाडेकरूला स्वतःच्या सामानात आहे, कर्ज देणाऱ्या बँकेला तिच्या कर्जापुरता आहे. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला नाही. विमा म्हणजे मैसिर, म्हणजे जुगार, हा आक्षेप आपल्याकडे आजही घेतला जातो. त्या आक्षेपाला सामोरे जाऊन विम्याच्या कायद्यानेच जुगार वेगळा काढला होता, एवढे तरी आपण नोंदवले पाहिजे.

दमास्कसमधला ‘सूकरा’

मुस्लिम जगात विम्याची पहिली गंभीर फिकही चर्चा बहुधा दमास्कसच्या इब्न आबिदीन यांची. 1836 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ‘रद्दुल मुहतार’ हा ग्रंथ आजही हनफी मुफ्तींच्या कपाटात हाताशी असतो. त्यांच्या काळात शाम आणि तुर्कस्तानचे व्यापारी युरोपियन जहाजांतून माल आणत. जहाजाच्या भाड्याशिवाय ते युरोपातल्या एका माणसाला ठरावीक रक्कम देत. माल जळाला, बुडाला किंवा लुटला गेला तर तो माणूस भरपाई देई. या रकमेला बंदरांत ‘सूकरा’ म्हणत. हा इटालियन भाषेतून आलेला शब्द होता. त्या माणसाचा वकील सुलतानाच्या परवानगीने इथल्या बंदरात राहून पैसे गोळा करी आणि नुकसान झाले तर चुकते करी.

इब्न आबिदीन यांनी निकाल दिला की मुस्लिम व्यापाऱ्याने ही भरपाई घेणे जायज नाही. जी गोष्ट स्वतःवर बंधनकारक नाही, ती अंगावर घेण्याचा हा करार आहे, असे त्यांचे म्हणणे. पण त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. पैसे घेऊन ठेव सांभाळणारा माणूस ठेवीला जबाबदार असतो, मग हाही तसाच का नाही, अशी शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली. माल त्या माणसाच्या ताब्यात नसतो, जहाजवाल्याच्या ताब्यात असतो, हे कारण देऊन ती खोडून काढली. शिवाय असा करार दारुल हरबमध्ये, तिथल्याच भागीदारामार्फत झाला असेल तर ती रक्कम घेता येईल, अशी वाटही त्यांनी मोकळी ठेवली. माणूस कुठल्या देशात, कुणाच्या कायद्याखाली राहतो यावर निकाल बदलू शकतो, हे त्यांनी मान्य केले होते. हिंदुस्थानातल्या उलेमांना सव्वाशे वर्षांनी हाच मुद्दा उपयोगी पडला.

1882 चा कायदा आणि जमावाची हिंसा

इकडे हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या काळातच विमा आला होता. 1850 मध्ये कलकत्त्यात ट्रायटन ही सर्वसाधारण विम्याची कंपनी निघाली. 1907 मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल ही हिंदी मालकीची कंपनी उभी राहिली. 1919 मध्ये सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया स्थापन केली. गिऱ्हाईक मुख्यतः गिरण्या, गोदामे आणि व्यापारी. चाळीतल्या खोलीत चार गावकरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाचा यात कुठेच विचार नव्हता. गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायका घ्या किंवा बोटीवर जाणाऱ्या कोकणी खलाशांना आसरा देणारी गावच्या जमातीची खोली घ्या. या शहरात परक्याला घरात ठेवूनच हजारो लोकांचे पोट भरले आणि हजारोंना छप्पर मिळाले. त्या छपरांचा विमा कुणी उतरवला नाही.

त्यांच्यासाठी जे होते ते एवढेच, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम 108 मध्ये एक वाक्य आहे, जे वाचताना मी थबकलो. आग, वादळ, पूर, किंवा सैन्याच्या वा जमावाच्या हिंसेमुळे भाड्याची मालमत्ता नष्ट झाली, तर भाडेकरार रद्द करायचा की नाही हे भाडेकरू ठरवू शकतो, असा त्याचा आशय. जमावाची हिंसा! हे शब्द घालणाऱ्यांना वाटले असेल की असा प्रसंग विजेसारखा, कधीतरी येणारा. कायद्याने भाडेकरूला सुटका दिली, मालकाला मात्र काही दिले नाही. फिकहच्या नियमाप्रमाणेच इथेही विटा-मातीचे नुकसान मालकाच्याच माथी राहिले.

आणि भाडेकरूने करार रद्द केलाच नाही तर? इमारत पडली की भाडेकरूचा हक्क संपतो का, यावर आपल्याकडे अनेक वर्षे वाद चालला. आग लागून दुकाने नष्ट झाल्याच्या केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी ‘संपतो’ असे म्हटले होते. 2014 मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणात मोठ्या खंडपीठाने ते मत बदलले. भाडेकरार केवळ भिंतींचा नसतो, जमिनीचाही असतो, म्हणून इमारत गेली तरी भाडेकरू आपोआप जात नाही. म्हणजे मालकाकडे पुन्हा बांधायला पैसा नाही, आणि भाडेकरूचा हक्कही संपलेला नाही, अशी कोंडी होऊ शकते. विमा ज्या जागी उपयोगी पडतो ती नेमकी ही जागा आहे.

मुंबईने अशी कोंडी 14 एप्रिल 1944 ला अनुभवली होती. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. मांडवी, मस्जिद बंदरच्या बाजूची गोदामे आणि वस्ती पेटली, हजारो लोक बेघर झाले. नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत असल्या स्फोटाची सोय नव्हती. सरकारला त्याच वर्षी खास वटहुकूम काढून भरपाईची व्यवस्था करावी लागली. पॉलिसी असणे वेगळे आणि जे संकट आले ते पॉलिसीत असणे वेगळे, हा धडा तेव्हाचा आहे.

दंगली आणि फतवे

स्वातंत्र्यानंतर आपल्या उलेमांनी विम्याकडे पाहिले ते या दंगलींच्या प्रकाशात. मूळ आक्षेप तीन होते आणि आजही आहेत. हप्ता किती भरणार आणि मिळणार किती, याची अनिश्चितता म्हणजे गरर. नशिबावरचा खेळ म्हणजे मैसिर. आणि कंपनी हा पैसा व्याजावर लावते म्हणून रिबा. 1961 मध्ये दमास्कसला भरलेल्या फिकह सप्ताहात मुस्तफा जरका यांनी विम्याच्या बाजूने आणि मुहम्मद अबू जहरा यांनी विरोधात मांडणी केली. डिसेंबर 1985 मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ठराव केला की नफ्यासाठी चालणारा व्यापारी विमा नाजायज, परस्पर सहकार्यावरचा विमा जायज. तोवर सुदानमध्ये 1979 पासून इस्लामी विमा कंपनी सुरू झाली होती आणि मलेशियाने 1984 मध्ये तकाफुलचा स्वतंत्र कायदा केला होता.

हिंदुस्थानी मुस्लिमांपुढे मात्र तकाफुलचा पर्याय नव्हता, आजही नाही. इथे जी कंपनी आहे ती व्यापारीच आहे. म्हणून इथल्या उलेमांना वेगळा प्रश्न पडला. पर्याय नसेल आणि धोका खरा असेल तर काय करायचे? 1964 मध्ये कलकत्ता, जमशेदपूर, राउरकेला इथे दंगली झाल्या. पुढच्याच वर्षी लखनौच्या नदवतुल उलेमाच्या मजलिस-ए-तहकीकात-ए-शरिया या मंडळाने विम्याचा प्रश्न चर्चेला घेतला आणि गरज म्हणून सवलतीची वाट काढली. पुढे 1970 मध्ये भिवंडी-जळगावची दंगल झाली, 1984 मध्ये पुन्हा भिवंडी जळाली. काझी मुजाहिदुल इस्लाम कासमी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इस्लामिक फिकह अकादमीने 1991-92 च्या परिषदांत या प्रश्नाचा पुन्हा खल केला. प्रचलित विमा मुळात दोषमुक्त नाही, पण हिंदुस्थानातल्या मुस्लिमांच्या जान-मालाला असलेला धोका पाहता त्यांना विमा काढण्याची मुभा आहे, असा त्या निर्णयाचा गाभा. मग मुंबईत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 आले. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसे मारली गेली, त्यांत 575 मुस्लिम आणि 275 हिंदू होते. जळालेल्या घरांतली किती घरे विम्याची होती, हे आपल्या वस्त्यांत राहिलेल्या कुणालाही विचारा.

मी मुफ्ती नाही. काही मुफ्ती आजही म्हणतात की दंगलीतल्या नुकसानीची पूर्ण भरपाई घ्या, इतर वेळी भरलेल्या हप्त्यांपुरती घ्या आणि उरलेली सदका करा. काही सरसकट मुभा देतात, काही अजिबात देत नाहीत. आपापल्या विश्वासाच्या आलिमला विचारून प्रत्येकाने ठरवावे. माझा मुद्दा एवढाच आहे की ‘विमा हराम’ हे एका दमात म्हणून मोकळे होणारे मामू आणि साठ वर्षे या प्रश्नावर बसलेले उलेमा यांत फरक आहे. उंट बांधण्याची हदीस सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. आणि धोका फक्त दंगलीचा नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते, 2021 च्या जुलैत चिपळूण आणि महाड. त्या पुराने हिंदू घर, मुस्लिम घर असा भेद केला नाही.

खरे बोलण्याची किंमत

आता धाकट्यांच्या मताकडे येतो. भाडेकरू ठेवला की विमा मिळत नाही, हे खरे नाही. भाडेकरू लपवला की क्लेम अडकतो, हे खरे आहे.

याचाही इतिहास आहे. 1766 मध्ये लंडनला लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे एक खटला आला. सुमात्रातल्या बेंकुलेन इथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याचा विमा तिथल्या गव्हर्नरने काढला होता, आणि फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्याचे म्हणणे, किल्ला किती कमजोर आहे हे मला सांगितले नाही. मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व सांगितले की विमा हा पूर्ण विश्वासाचा करार आहे. विमा घेणाऱ्याने त्याला माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट लपवू नये. पण निकाल त्यांनी गव्हर्नरच्या बाजूने दिला! कारण विश्वास दोन्ही बाजूंचा असतो. विमा देणाऱ्याला जे माहीत होते किंवा चौकशी करून कळले असते, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही.

मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून रसूलुल्लाह (स.) यांनी आतले ओले धान्य बाहेर काढले होते, तो प्रसंग आपण लहानपणी ऐकलेला आहे. माल विकताना ऐब सांगायचा, हा आपला नियम. विम्याच्या फॉर्मवर ‘वरच्या मजल्यावर चार मुले भाड्याने राहतात’ असे लिहिणे म्हणजे तोच नियम पाळणे. खालांच्या एजंटने ती मुले डोळ्यांनी पाहिली होती, वर जाऊन पाणीही पिऊन आला होता. हा मुद्दा कंपनीकडे आणि मग विमा लोकपालाकडे मांडता आला असता. लोकपालाकडे तक्रारीला फी लागत नाही, मुंबई आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत. आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हते आणि मुदत निघून गेली.

परवडणारा विमा कसा असतो

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एकाच मसुद्याची ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी विकणे बंधनकारक केले. त्यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड यांच्यासोबत दंगल, संप, खोडसाळ नुकसान आणि दहशतवाद हेही मुळातच आहेत. आमच्या वस्त्यांसाठी हा मोठा बदल आहे. कारण 2001 च्या जुन्या दरपत्रकात दंगलीचे संकट पॉलिसीतून काढून टाकून हप्त्यात सूट घेता येत असे. चार पैसे वाचवायला नेमके तेच कलम सोडले, असे व्हायची सोय त्यात होती.

हप्ता महाग वाटण्याचे मुख्य कारण म्हणजे आपण घराच्या बाजारभावाचा विमा काढायला जातो. आगीत जमीन जळत नाही. विमा पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा काढायचा असतो. समजा चटई क्षेत्र 800 चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च फुटाला 2,000 रुपये. मग रक्कम 16 लाख होते, घराचा बाजारभाव भले 45 लाख असो. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचे संरक्षण त्याच पॉलिसीत मिळते. आपल्या उदाहरणात ते 3 लाख 20 हजार. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीकडे चौकशी करावी. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा विमा सोसायटीने काढावा असे आहे. तो असेल, तर तुम्हाला फक्त सामानाचा काढून भागेल.

भाडे घेणाऱ्यांसाठी या पॉलिसीत आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते. घर राहण्यालायक उरले नाही तर बुडालेल्या भाड्याची भरपाई तिच्यात समाविष्ट आहे. तुम्हाला स्वतःला दुसरीकडे भाड्याने राहावे लागले, तर तो खर्चही. ज्या घराची चूल भाड्यावर चालते, तिथे हे कलम भिंतींच्या भरपाईइतकेच मोलाचे आहे.

काय मिळत नाही तेही सांगायला हवे. या पॉलिसीत चोरीचे संरक्षण फक्त आग-पुरासारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांपुरते आहे. घरफोडीचा वेगळा विमा घेतला तरी तो सहसा जबरदस्तीने आत शिरून केलेल्या चोरीचा असतो. जो माणूस तुमच्या परवानगीने घरात राहतो, त्याने केलेली चोरी त्यात बसत नाही. म्हणजे भाडेकरूच्या बाबतीत कुलूप, नोंदणीकृत करार, ओळखीची चौकशी आणि डिपॉझिट हाच विमा. भाडेकरूचे सामान तुमच्या पॉलिसीत येत नाही. त्याने आपल्या सामानापुरती स्वतंत्र पॉलिसी घ्यावी, ती स्वस्त पडते. आणि खोल्यांचे पुरते वसतिगृह झाले, बारा-पंधरा मुले, स्वयंपाकी, फलक, तर तो धंदा झाला. त्याला घराची पॉलिसी चालणार नाही, व्यवसायाची लागेल.

या सगळ्याला आपल्या समाजात एक वेगळी धार आहे. दुसऱ्या वस्त्यांत मुस्लिम मुलाला खोली मिळत नाही, हे आपण रोज ऐकतो. ती मुले शेवटी आपल्याच मोहल्ल्यातल्या एखाद्या खालांच्या, फुफूंच्या वरच्या मजल्यावर येतात. म्हणजे हा भार कुणी ठरवून न देता काही मोजक्या घरांवर, बहुतेकदा एकट्या बायकांच्या घरांवर पडलेला आहे. मदिनेच्या करारातल्या टोळ्यांप्रमाणे तो वाटून घ्यायची काही सोय जमातींनी करायला हरकत नाही. मोहल्ल्यातली वीस घरे एकत्र विमा कंपनीकडे गेली, फॉर्म भरायला एखादा शिकलेला मुलगा सोबत बसला, तरी निम्मे काम होईल. भिशी चालवणाऱ्या बायकांना हे अवघड नाही.

खालांनी मागच्या वर्षी नवी पॉलिसी घेतली. मामू अजून नाराज आहेत, त्यांची समजूत आम्ही घालत नाही. फॉर्म मी भरत होतो. वापराच्या रकान्याशी आलो तेव्हा खालांनी चष्मा लावला, पेन माझ्या हातातून घेतले आणि मोठ्या, थोड्या वाकड्या अक्षरांत लिहिले, ‘खाली मी राहते. वर चार विद्यार्थी भाड्याने.’ मग विचारले, ‘‘रॉड वापरू देत नाही, हे पण लिहू का?’’